कार्डाच्या कपाळावर कुंकू

चावी मोठ्यांकडे असते. बस्स! यावर प्रश्न विचारायचा नाही. का मोठ्यांकडे? मोठे जागेवर नसले तर काय? मोठे विसरले तर काय? मोठ्यांनी त्या चावीवर नारळाचं पाणी शिंपडलं तर काय?... हसू नका, हे शेवटचं खरंच झालंय, परवाच झालंय, आणि त्यापायी आज मी भर दुपारी चारला ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलेय. बसा ना तुम्हीपण. ती पायरी कोरडी आहे. सरूआजी, तुम्ही भिंतीला टेका. आणि आधीच सांगून ठेवते, मी आता मोठ्या माणसांबद्दल जे बोलणार आहे ना, ते तुमच्याबद्दल नाही हं. तुम्ही मोठ्या नाही, तुम्ही नुसत्या म्हाताऱ्या आहात. त्यात फरक असतो.

तर तुम्हाला सांगते... माझी कंपनी निघोज्याला. कंपनी म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, चाळीस माणसं आणि एक केबिन. गाडीचे पत्रे जोडताना ज्या सांगाड्यात ते घट्ट पकडून ठेवतात ना, ते सांगाडे आम्ही बनवतो. त्यांची ड्रॉइंग मी करते. मेकॅनिकल इंजिनिअर आहे मी, आकुर्डीच्या कॉलेजातून, चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण हे कंपनीत कोणाच्या लक्षात राहील तर शपथ! तिथे मी 'मास्तरांची पोरगी'. कारण आमचे मॅनेजर नंदकिशोरकाका आणि माझे बाबा एका बाकावर शिकले, आणि काकांनी शब्द टाकला म्हणून मी लागले. हे वाक्य मला चौदा महिन्यांत किती वेळा ऐकवलं असेल? चहा सांडला तरी, "शब्द टाकलाय गं तुझ्यासाठी!" जिन्यावरून पाय घसरला तरी, "जपून, शब्द टाकलाय!" म्हणजे माझा पाय मोडला तर यांचा शब्द मोडणार!

मालक साहेबराव. सगळे दादा म्हणतात. सत्तरीचे, मूळचे निघोज्याचेच, जिथे शेड आहे तिथे पूर्वी त्यांचं शेत होतं. माणूस वाईट नाही. तेच तर दुखणं आहे हो! वाईट असता तर मी केव्हाच राजीनामा तोंडावर मारला असता.

गेल्या वर्षी काय झालं, आम्ही ज्या मोठ्या गाडीवाल्या कंपनीला सांगाडे देतो त्यांनी फतवा काढला, ड्रॉइंगचा कॉम्प्युटर कुलूपबंद पाहिजे. म्हणजे आतली डिस्क एन्क्रिप्ट करायची. सोपं करून सांगते सरूआजी, आतलं सगळं असं सांकेतिक करून टाकायचं की उद्या चोरानं कॉम्प्युटर उचलून नेला, डिस्क काढून दुसरीकडे जोडली, तरी त्याच्या हाती नुसतं भुसकट यावं. ते काम मी केलं. एकटीनं. कॉम्प्युटर चालू केला की आधी नुसता काळा पडदा येतो, त्यावर एक ओळ, कार्ड घाला. मग एटीएमसारखं एक कार्ड, त्यावर ती सोनेरी चिप, ते शेजारच्या छोट्या यंत्रात सरकवायचं, चार आकडी पिन टाकायचा, की मग डिस्क उघडते आणि कॉम्प्युटर जागा होतो. कार्ड नाही तर कॉम्प्युटर नाही. आणि पिन तीनदा चुकला की कार्ड स्वतःलाच कुलूप लावून घेतं. मग त्याच्या पाया पडा, नवस बोला... ते उघडत नाही.

मी दादांना म्हटलं, "दादा, दोन कार्डं करू. एक तुमच्याकडे, एक इथे. एक बिघडलं तर दुसरं."

दादांनी चष्मा काढला. दादांनी चष्मा काढला की समजायचं, म्हण येणार.

"पोरी, एका कुलपाला दोन चाव्या म्हंजी एका घराला दोन मालक. आन् दोन मालक झालं की मधी भिंत पडती. आमच्या चुलत्यांचं काय झालं म्हाईत हाय का तुला? चावी एकच. आन् ती मोठ्यांकडं."

आणि नंदकिशोरकाका मान हलवत होते. त्यांची मान दादांचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच हलायला लागते. "आपल्याकडे पद्धत आहे सुखदा. चावी मोठ्यांकडे असते. का, कशाला, हे विचारायचं नसतं."

पिन ठरवायच्या वेळी दादा मला म्हणाले, "तोंड फिरव." मी बसवलेलं कुलूप, मी आणलेलं कार्ड, मी जोडलेलं यंत्र, आणि मी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघतेय! पंधरा मिनिटं लागली हो त्यांना चार आकडे टाकायला. मी एकादशा मोजल्या, प्रदोष मोजले, पुढच्या वर्षीची संक्रांत कुठल्या वारी येते तेही बघून झालं.

मग ते कार्ड गेलं दादांच्या स्टीलच्या डबीत. त्या डबीत काय काय असतं? बीपीच्या गोळ्या, जुनं घड्याळ, लवंगा. डबी दादांच्या खिशात. आणि दादा? दादा कधी शेतावर, कधी कोणाच्या साखरपुड्याला, एकादशीला देहूला. मग कॉम्प्युटर बंद झाला तर उघडणार कोण? तर यावर या थोर मंडळींनी उपाय काढला. कॉम्प्युटर बंदच करायचा नाही! त्यावर चिठ्ठी चिकटवली, लाल शाईत, 'बंद करू नये. हुकमावरून.' अकरा महिने! अकरा महिने तो बिचारा रात्रंदिवस चालू. आता तुम्ही सांगा, कुलूप कशासाठी असतं? ही डिस्क फक्त कॉम्प्युटर बंद असतानाच कुलूपबंद असते. एकदा उघडली आणि चालू ठेवली की घर सताड उघडं! म्हणजे तिजोरीला जाडजूड दार बसवायचं, आणि दादा येतील न येतील म्हणून ते दार वर्षभर विटेनं अडवून उघडं ठेवायचं! मी हे बोलले. एकदा बोलले. काका म्हणाले, "तुला जास्त कळतं का दादांपेक्षा?"

तोंडी बोललेलं हवेत जातं म्हणून मी मेल लिहिले. एक नाही, तीन. आता आमच्या काकांची आणखी एक पद्धत आहे. ते मेल वाचत नाहीत. ते मेल छापतात. छापायचा, वर कोपऱ्यात 'पाहिले' लिहून सही ठोकायची, पंच मारायचा, आणि फायलीत. माझ्या मेलांच्या फायलीचं नाव आहे 'संगणक, किरकोळ'. चौदा महिन्यांची माझी अक्कल त्या फायलीत दोरीनं बांधून ठेवलीय. त्यांतल्या तिसऱ्या मेलात काय होतं ते पुढे येईल. लक्षात ठेवा फक्त.

आता येते खंडेनवमी. कारखान्यातली खंडेनवमी तुम्हाला माहितीय, यंत्रं धुवायची, पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा करायची. मला त्याचं वावडं नाही हो. हातोडीवर पोट असणाऱ्या माणसानं हातोडीला वर्षातून एकदा नमस्कार केला तर मला छानच वाटतं. पण मला सकाळी सकाळी हुकूम काय? "सुखदा, तू रांगोळी काढ." इंजिनिअर कोण? मी. सांगाड्यांचं डिझाइन कोणाचं? माझं. रांगोळी कोण काढणार? मीच! कारण चाळीस माणसांत बाई एकटी मी.

मी तिकडे गेटाशी वाकून ठिपके देतेय, आणि आत आमचे फोरमन ज्योतीराममामा... गुणी माणूस, लोखंडाला हात लावून सांगेल कितीचं माप आहे... पण मामा म्हणाले, "आज समदी यंत्रं थंड पायजेत. चालत्या यंत्राची पूजा करत न्हाईत." आणि शेडचा मेन स्विच खाली! सगळी मशीनं शांत. कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालू राहिला आणि ती बॅटरी ओरडायला लागली, टीं... टीं... टीं... म्हणजे ती सांगतेय, वीज गेलीय, मी फार वेळ तग धरणार नाही, काहीतरी करा! आरती सुरू झालेली. काका म्हणाले, "अरे कसली टिवटिव चाललीय आरतीच्या वेळी?" आणि टाळ्या वाजवता वाजवता गेले आणि बॅटरीचं बटण दाबलं. त्या लाल चिठ्ठीच्या बरोब्बर खाली! अकरा महिने चाललेला कॉम्प्युटर 'घालीन लोटांगण'ला लोटांगण घालून मोकळा.

मी धावत आले. हाताला रांगोळी, तोंडाला फेस. "काका, बंद केलात?" तर ओठांवर बोट, "श्श्! प्रसाद घे."

आणि पाटावर बघते तर काय! हातोडी, पाने, मायक्रोमीटर, आणि त्यांच्या मधोमध... कार्ड! दादांनी डबीतून काढून ठेवलेलं. "ही बी यंत्राचीच चावी. हिची बी पूजा व्हाया पायजे." बरं, करा पूजा! फूल वाहा! पण नाही... हळदकुंकू! आणि कालवलेलं, ओलं! आता कार्डाला हळदकुंकू लावायचं तर कपाळ हवं. कार्डाचं कपाळ कुठलं? जिथे सोनं चमकतंय तेच! अख्ख्या कार्डावर इतकी जागा मोकळी, आणि दादांचं बोट बरोब्बर त्या चिपवर. वर नारळ फोडून त्याचं पाणी. मी म्हटलं, "दादा, तिथे नको..." तर तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. ते तसंच ओलं कार्ड डबीत गेलं, लवंगांच्या शेजारी. मध्ये दसऱ्याची सुट्टी. दोन दिवस कुंकू मुरलं छान.

आणि आज सकाळी... आजचा दिवस काय होता सांगू? उद्या दहा वाजता गाडीवाल्यांचा माणूस नव्या सांगाड्याची ड्रॉइंग बघायला येणार. तो सांगाडा माझा. चौदा महिने मी तो काढलाय, मोडलाय, परत काढलाय, आणि तो फक्त त्या एका डिस्कवर आहे. शिवाय आज माझं प्रोबेशन संपलं. कायम केल्याचं पत्र काकांच्या टेबलावर छापून तयार. बाबांनी काल सोनं वाटताना अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं ना? सांगितलंच असणार.

साडेआठला दादांनी कार्ड घातलं. काळा पडदा. 'कार्ड घाला.' काढलं, घातलं. 'कार्ड घाला.' मी म्हटलं, "दादा, द्या, मी पुसते, त्याला मऊ कापड..." पण माझ्या हातात चावी? मी कोण? चावी मोठ्यांकडे असते! ज्योतीराममामांनी धोतरासारखा मोठा रुमाल काढला, कार्ड पुसलं, आणि खरंच, यंत्रानं कार्ड वाचलं! 'पिन टाका.' मामा माझ्याकडे वळून, "बगा ताई, लोखंड काय आन् कार्ड काय, हात फिरवला की ऐकतंय."

आता पिन. दादा म्हणाले, "तोंड फिरवा." सगळे वळले. तीन माणसं कॅलेंडरकडे तोंड करून उभी. मागून कुईं... चुकला.

"आसं कसं? आपला गट नंबर टाकला हुता मी. जमिनीचा. चारशे बारा. तीन आकडी हाय म्हनून एक शून्य लावलं. आदी लावलं का मागनं?..."

गुप्त पिन! आता चाळीस माणसांना माहीत! मी म्हटलं, "दादा थांबा, आता दोनच संधी आहेत, नीट आठवा, पाणी प्या, घाई नको." काका म्हणाले, "मध्ये बोलू नकोस, त्यांची लिंक तुटते." दादांनी शून्य मागे लावलं. कुईं. दोन गेले. मी अक्षरशः हात जोडले. "आता हात लावू नका! शेवटचा आहे! माझ्याकडे दुसरा..." तर माझं वाक्य पुरं होऊ देतील तर ते मोठे कसले! काका म्हणाले, "कंपनी सुरू झाली ते साल टाका दादा. मी पैज लावतो." टाकलं.

कार्ड गेलं. कुलूप.

आणि त्याच क्षणी, देवाशपथ, त्याच क्षणी दादांनी कपाळावर हात मारला. "शून्य न्हाई रं! पोटहिस्सा एक! चारशे बारा, पोटहिस्सा एक! आईच्या नावाचा तुकडा हुता त्यो... एक लावला हुता मी!"

खरं सांगू? त्या वेळी मला वाईट वाटलं. जमीन गेली, आई गेली, आकडा तेवढा धरून बसले होते बिचारे, आणि तोही ऐन वेळी सटकला. मी जवळ जाऊन म्हणणारच होते, असू द्या दादा, होतं असं. पण तेवढ्यात ज्योतीराममामा म्हणाले, "आडकलंय न्हवं? घासून बगू." आणि खिशातून काढला पॉलिश पेपर! लोखंडाला चकाकी आणायचा! आणि घातले की चिपवर चार हात! मी किंचाळले. सोनं उडालं, खालचं दिसायला लागलं. मामा फुंकर मारून म्हणतात, "आता बगा, आरशावानी झालंय."

मेलं ते. कुलूप लागलेलं कार्ड होतं, आता प्लॅस्टिकची पट्टी उरली. पेरूच्या फोडीला मीठ लावायला बरी.

आणि मग सुरू झाली ती शांत, समजूतदार, मोठ्या माणसांची चर्चा. तुम्हाला माहितीय ना ती कशी असते? सगळे हळू आवाजात बोलतात आणि शेवटी चूक सगळ्यात लहान माणसाची निघते. "यंत्रच हलकं आणलं असणार." "कोणी आणलं?" "सुखदानं." "हे असलं कुलूप लावायला सांगितलं कुणी?" "गाडीवाल्यांनी." "पण लावलं कुणी?" "सुखदानं!" "त्या दिवशी कॉम्प्युटरकडे लक्ष कोणाचं होतं?" आणि तिघेही माझ्याकडे. मी रांगोळी काढत होते हो! गेटावर! यांच्याच हुकमानं!

मग काकांनी काय केलं असेल? तक्रार? चौकशी? नाही. बाबांना फोन केला. मी चोवीस वर्षांची, पगार घेणारी, आयकर भरणारी, आणि माझ्या बाबांना बोलावून घेतलं कंपनीत! शाळेत दप्तरात बेडूक सापडला की बोलावतात तसं! आणि बाबा आले! चिंचवडची शाळा अर्धी टाकून, दोन बस बदलून आले! तीस वर्षं बाबा दुसऱ्यांच्या पालकांना शाळेत बोलावतायत, आज पहिल्यांदा स्वतः पालक होऊन स्टुलावर बसले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पँटच्या खिशात किल्ल्या खुळखुळतायत.

टेबलावर दोन कागद. काका म्हणाले, "सुखदा बाळ, हे बघ. इकडे तुझं कायम केल्याचं पत्र. आणि हा एक साधा अर्ज. 'माझ्या निष्काळजीपणामुळे संगणक बंद पडला व कार्ड निकामी झाले, याबद्दल दिलगीर आहे.' इथे सही कर, हे पत्र घेऊन जा. उद्या गाडीवाल्यांना दाखवायला आमच्याकडे काहीतरी कागद हवा ना?"

मी म्हटलं, "काका, बटण तुम्ही दाबलंत."

"बटण कोणी दाबलं हा मुद्दा नाहीये."

मी म्हटलं, "पिन दादा विसरले. पॉलिश पेपर मामांनी मारला."

"तोही मुद्दा नाहीये."

"मग मुद्दा काय आहे?"

तर बाबा! माझे स्वतःचे बाबा! "सुखदा, मोठ्यांशी बोलताना आवाज खाली. सही कर आणि मोकळी हो. त्यांनी शब्द टाकला होता तुझ्यासाठी."

मी उठले. कपाट उघडलं. 'संगणक, किरकोळ' काढली, दोरी सोडली, तिसरा मेल टेबलावर ठेवला. काकांना म्हटलं, "वाचा. मोठ्यांदा." काकांनी चष्मा लावला. पहिल्यांदा वाचत होते बिचारे, आवाज चाचरत होता. "'...दुसऱ्या कार्डाला परवानगी नसल्याने, कार्ड बिघडल्यास उपयोगी पडावे म्हणून, डिस्कला एक लांब वाक्य पासवर्ड म्हणून आधीपासूनच लावलेले आहे. ते सध्या फक्त मला ठाऊक आहे. ते कोणाकोणाकडे बंद पाकिटात सोपवायचे, ते कृपया कळवावे...'" आणि वर कोपऱ्यात काय? 'पाहिले'. खाली वळणदार सही. तारीख गेल्या मार्चची.

ज्योतीराममामा हळूच म्हणाले, "म्हंजी... दुसरी चावी व्हती?"

"होती मामा. सकाळी साडेआठपासून तेच सांगतेय. कोणी वाक्य पुरं करू दिलं का?"

दादा ताडकन उठले. "मग उगड की पोरी! वाट कसली बगतीस?"

मी कॉम्प्युटरसमोर बसले. काळा पडदा. बोटं कीबोर्डवर ठेवली, मागे वळले आणि म्हटलं... किती वर्षांनी इतकं गोड काही बोलले असेन मी... म्हटलं, "दादा, तोंड फिरवा."

आणि फिरवली हो! चौघांनीही! मालक, मॅनेजर, फोरमन आणि माझे जन्मदाते, चारी तोंडं कॅलेंडरकडे! दादा तर भिंतीला इतके चिकटले की चष्मा टेकला. मी अख्खं वाक्य टाकलं. काय वाक्य ते तुम्हालाही सांगणार नाही. डिस्क उघडली. पडदा उजळला. माझा सांगाडा जसाच्या तसा, एकेक बोल्ट जागेवर. मामांनी तर पडद्यालाच नमस्कार केला. मी म्हटलं मामा, कुंकू नका आणू आता.

इथे संपायला हवं होतं, नाही? दादांनी पाठीवर हात ठेवला, "शाब्बास. वाघीण हायेस." मला वाटलं, चला, पोचलं कुठेतरी. आणि मग दादांनी खिशातून ती डबी काढली. झाकण उघडून माझ्यासमोर धरली. लवंगांचा वास आला. "आता ते वाक्य एका कागदावर ल्ही, आन् टाक हितं. चावी मोठ्यांकडं असती."

आणि काकांनी तो माफीचा अर्ज पुन्हा पुढे सरकवला. "आणि एवढी सहीपण करून टाक. उघडलंय ते ठीक, पण फाइल पुरी व्हायला हवी ना. आपल्याकडे पद्धत आहे."

मला ओरडावंसं वाटलं नाही, आश्चर्य बघा. सकाळपासून ओरडत होते, आणि आता एकदम घसाच निवला. मी डबीचं झाकण लावलं. टक्. म्हटलं, "दादा, वाक्य मी लिहून देते. कंपनी तुमची, डिस्क तुमची. पण दोन पाकिटांत. एक तुमच्याकडे, एक मामांच्या टूलरूमच्या कपाटात. आणि नवी कार्डं दोन येतील. एकट्या डबीत मी काही टाकणार नाही." मग बाबांकडे वळले. "बाबा, तुमच्या वर्गात काच फुटली तर तुम्ही कोणाला उभं करता? ज्यानं दगड मारला त्याला, की पहिल्या बाकावर सापडेल त्याला?" बाबा पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. मग मी तो अर्ज उचलला, त्याच्या वर कोपऱ्यात लिहिलं, 'पाहिले', आणि सही न करता परत काकांसमोर ठेवला.

"यावर सही करणार नाही. पत्र द्यायचं तर द्या, नाहीतर छापलंच आहे, पंच मारा आणि किरकोळमध्ये लावा. मी नाही म्हणतेय. नाही."

तुम्हाला सांगते... चार मोठी माणसं एका वेळी गप्प झालेली मी जन्मात पाहिली नव्हती. दादांचा हात डबीवर तसाच. काकांची मान... हलायची थांबली हो! मामा पॉलिश पेपरची घडी घालत होते, ती अर्धीच राहिली. आणि बाबा. बाबा कॅलेंडरकडेच बघत होते. कोणी बस म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. मी बॅग उचलली, पायऱ्या उतरले, फाट्यावर रिक्षा पकडली, मोशीला उतरले, आणि तुम्हाला खोटं नाही सांगत, चौकापासून बिल्डिंगपर्यंत मी चालत आले नाही, तरंगत आले! पत्र हातात नाही, उद्या नोकरी आहे की नाही ठाऊक नाही, पण पाय जमिनीला लागत नव्हते!

आणि तरंगत तरंगत तिसऱ्या मजल्यावर आले. दारासमोर. दाराला लॅच.

आई दसऱ्यापासून देहूला मावशीकडे. तो लॅच आणला तेव्हा त्याच्यासोबत चाव्या आल्या होत्या तीन. मी म्हटलं होतं, बाबा, एक मला द्या. तर दोन चाव्या बँकेच्या लॉकरमध्ये, आणि तिसरी...

तिसरी निघोज्याला आहे. केबिनमध्ये, स्टुलावर, पँटच्या उजव्या खिशात. आणि ज्यांच्या खिशात आहे ते गप्प बसलेत, मीच बसवलंय! कसली कसली कुलपं उघडून आले हो मी आज... सरूआजी, जरा सरका भिंतीकडे. त्यांना यायला वेळ लागेल. चावी मोठ्यांकडे असते.